नियम लिहिला, पण तपासणार कोण?

साठी उलटल्यावर निवृत्त झालेल्या एका बाईंना नौदलानं परत बोलावलं, तेही फक्त सहा महिन्यांसाठी. काम होतं कंपायलरांची परीक्षा घेण्याचं. त्या बाईंची ही गोष्ट.

दिवाळीच्या सुट्टीत हिवरा आश्रमला घरी गेले होते. धाकटी बहीण बीसीएला आहे. तिनं कॉलेजच्या लॅबमध्ये सी प्लस प्लसमध्ये व्याज काढायचा एक साधा प्रोग्राम लिहिला होता. लॅबमध्ये तो झकास चालला, जर्नलवर सहीसुद्धा झाली. घरी येऊन तिनं लॅपटॉपवर आजकालचा फुकट मिळणारा कंपायलर टाकला आणि तोच प्रोग्राम चालवला. पहिल्याच ओळीला एरर. ती ओळ सुधारली, तर पुढे ‘व्हॉइड मेन’ला एरर. तेही सुधारलं, तर स्क्रीन पुसायची कमांडच त्याला माहीत नाही! बहीण रडकुंडीला आली. प्रोग्रामातलं एक अक्षरही बदललं नव्हतं, मग चुकलं कुणाचं?

मी मास कम्युनिकेशनची. कोडिंगशी माझा संबंध बहिणीची कुरकुर ऐकण्यापुरताच. पण प्रश्न डोक्यात राहिला म्हणून शोधायला लागले. तेव्हा कळलं की लॅबमधला तो निळ्या स्क्रीनचा टर्बो सी प्लस प्लस १९९० च्या दशकाच्या सुरुवातीचा आहे, म्हणजे माझ्यापेक्षा वयानं मोठा. आणि सी प्लस प्लसचं अधिकृत आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड आलं १९९८ मध्ये. म्हणजे भाषेचे नियम पक्के झाले त्याच्या आधीचा हा कंपायलर. बहिणीनं लिहिलं होतं ते त्या एका कंपायलरच्या बोलीत. दुसऱ्या कंपायलरला ती बोली कशी कळावी?

मग पुढचा प्रश्न आलाच. एखादा कंपायलर स्टँडर्डप्रमाणे चालतो की नाही, हे ठरवतं कोण? विकणाऱ्या कंपनीच्या शब्दावर विश्वास ठेवायचा का? हा प्रश्न साठ वर्षांपूर्वी जगातल्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकांपैकी एकाला, अमेरिकी नौदलाला, पडला होता. उत्तर शोधायला त्यांनी ज्यांना बोलावलं त्यांचं नाव ग्रेस हॉपर.

सात घड्याळांची तोडफोड

ग्रेसचा जन्म ९ डिसेंबर १९०६ चा, न्यूयॉर्क शहरातला. वडील विम्याच्या धंद्यात. सात वर्षांची असताना तिला प्रश्न पडला की गजराचं घड्याळ वाजतं कसं. तिनं एक घड्याळ उघडलं. ते पुन्हा जोडता येईना, म्हणून दुसरं उघडून बघितलं. आईला पत्ता लागेपर्यंत घरातली सात घड्याळं सुटी झाली होती. आईनं ओरडाआरडा न करता एकच केलं, यापुढे तिच्या वाट्याला एकच घड्याळ ठेवलं.

सोळाव्या वर्षी व्हॅसर कॉलेजचा अर्ज केला आणि लॅटिनमध्ये मार्क कमी पडले म्हणून प्रवेश नाकारला गेला. एक वर्ष थांबून पुन्हा अर्ज केला, तेव्हा मिळाला. १९२८ मध्ये गणित आणि भौतिकशास्त्र घेऊन पदवी, १९३४ मध्ये येल विद्यापीठातून गणितात पीएचडी. मधल्या काळात व्हिन्सेंट हॉपर यांच्याशी लग्न झालं आणि व्हॅसरमध्येच प्राध्यापकीही सुरू झाली. सगळं मार्गी लागलं होतं. एखादी बाई त्या काळात इथपर्यंत पोचली असती, तर इथेच थांबली असती.

वजन कमी, वय जास्त

डिसेंबर १९४१ मध्ये अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरली. ग्रेस हॉपर यांना नौदलात जायचं होतं. नौदल म्हणालं, वय जास्त. शिवाय वजन किमान अटीपेक्षा १५ पौंड कमी, म्हणजे जवळजवळ सात किलो. त्यात गणिताचे प्राध्यापक देशाला वर्गातच हवेत, हा आणखी एक मुद्दा. बाईंनी पाठपुरावा सोडला नाही. वजनाची खास सवलत मिळवली आणि डिसेंबर १९४३ मध्ये, वयाच्या ३७ व्या वर्षी, नौदलाच्या राखीव दलात दाखल झाल्या. प्रशिक्षणात त्यांच्याहून कितीतरी लहान मुली होत्या. पहिला नंबर मात्र यांचा आला.

पोस्टिंग जहाजावर नाही झालं. पाठवलं हार्वर्ड विद्यापीठात, हॉवर्ड एकेन यांच्या हाताखाली. तिथे मार्क वन नावाचं एक धूड होतं. ५१ फूट लांब, ८ फूट उंच, आणि चालताना खटखट वाजणारं गणनयंत्र. त्याला काम सांगायचं म्हणजे कागदी पट्टीला भोकं पाडून सूचना द्यायच्या. हॉपर यांनी ते यंत्र शिकून घेतलं आणि ते कसं चालवायचं याचं ५६१ पानांचं पुस्तकही लिहून काढलं.

त्यांच्या नावानं सगळ्यात जास्त सांगितली जाते ती ‘बग’ची गोष्ट. १९४७ च्या सप्टेंबरमध्ये मार्क टू हे पुढचं यंत्र अडलं. बघतात तर एका रिलेमध्ये पाखरू अडकलेलं, दिव्याभोवती फिरतात ना, तसलं. ते नोंदवहीत चिकटवून ठेवलं गेलं. खरं सांगायचं तर ते पाखरू काही हॉपर यांनी पकडलेलं नव्हतं आणि यंत्रातल्या दोषाला ‘बग’ म्हणायची पद्धतही त्याआधीची. पण त्यांनी ती गोष्ट इतक्या रंगवून आणि इतक्या वेळा सांगितली, की ती त्यांचीच झाली.

युद्ध संपल्यावर त्यांना नौदलात कायम व्हायचं होतं. पुन्हा तेच उत्तर, वय जास्त. तेव्हा त्या ३८ वर्षांच्या होत्या. संसारही १९४५ मध्ये मोडला होता.

मधला दुभाषा

१९४९ मध्ये हॉपर एका लहानशा कंपनीत गेल्या, जिथे युनिव्हॅक नावाचा कॉम्प्युटर तयार होत होता. तोवर त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली होती. प्रोग्राम लिहिणारी मंडळी आधी चाललेले तुकडे वहीत जपून ठेवायची आणि नव्या प्रोग्रामात हातानं उतरवायची. आपण रात्री जागून मित्राचं जर्नल उतरवतो, अगदी तसं. आणि उतरवताना जशा चुका होतात, तशाच तिथेही व्हायच्या. मग हे उतरवायचं काम मशीनलाच का सांगू नये? या विचारातून १९५२ च्या सुमारास त्यांचा ए-झीरो तयार झाला. आजच्या कंपायलरच्या मानानं तो साधाच, पण कंपायलर हा शब्द आणि ती कल्पना तिथून रुजत गेली.

कंपायलर म्हणजे दुभाषा. आपण आपल्याला समजेल असं लिहायचं, त्यानं ते मशीनच्या भाषेत करून द्यायचं. पुढे हॉपर यांनी आणखी एक पाऊल टाकलं. धंद्यातल्या लोकांना गणिताची चिन्हं नकोत, त्यांना शब्द द्या, असं म्हणून इंग्रजी शब्दांत सूचना घेणारी फ्लो-मॅटिक ही भाषा त्यांच्या टीमनं बनवली. ही कल्पना मांडताना त्यांनी तोच छोटा प्रोग्राम फ्रेंच आणि जर्मन शब्दांतही चालवून दाखवला होता. मशीनला काय, सगळ्या भाषा सारख्याच! पण कंपनीचे साहेब लोक हादरले. अमेरिकेत बनलेल्या मशीनला परकी भाषा कळते, हे त्यांच्या पचनी पडेना. मराठी शाळेतून आलेल्या कुणालाही हा प्रसंग वाचून गंमत वाटेल आणि थोडं वाईटही.

एक भाषा, दहा बोली

१९५९ मध्ये वेगळाच पेच होता. प्रत्येक कंपनीचा कॉम्प्युटर वेगळा आणि त्याची भाषाही वेगळी. कॉम्प्युटर बदलला की सगळे प्रोग्राम पुन्हा लिहा. सगळ्यात जास्त फटका बसत होता तो अमेरिकी सरकारला, कारण त्यांच्याकडे सगळ्याच कंपन्यांची यंत्रं होती. मे १९५९ मध्ये संरक्षण खात्याच्या पुढाकारानं पेंटागॉनमध्ये बैठक झाली आणि सर्वांसाठी एक भाषा बनवायचं ठरलं. तीच कोबोल. ती बनवणाऱ्या समितीत जीन सॅमेट यांच्यासारखी बरीच मंडळी होती. हॉपर सल्लागार होत्या, पण भाषेचा सांगाडा बराचसा त्यांच्या फ्लो-मॅटिकवरूनच आलेला.

६ आणि ७ डिसेंबर १९६० ला एक प्रयोग झाला. एकच कोबोल प्रोग्राम दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या कॉम्प्युटरवर चालवला गेला, आरसीए ५०१ आणि युनिव्हॅक टू वर. किरकोळ बदल सोडले तर तो दोन्हीकडे चालला. आज आपल्याला यात काही विशेष वाटत नाही. त्या दिवशी मात्र पहिल्यांदाच दिसलं की प्रोग्राम मशीनच्या दावणीला बांधलेला नसतो.

पण पुढे काय झालं? तर प्रत्येक कंपनीनं आपापला कोबोल कंपायलर बाजारात आणला. कुणी काही नियम गाळले, कुणी स्वतःच्या पदरची दोन-चार जास्तीची फीचर्स घातली. कुणी एकाच वाक्याचा अर्थ वेगळा लावला. जाहिरातीत मात्र सगळ्यांचाच कोबोल अस्सल. फीचर जास्तीचं मिळालं तर बिघडलं काय, असं वाटेल. बिघडतं हेच की एकदा ते वापरलं की प्रोग्राम त्याच कंपनीच्या मशीनवर अडकला. मग पुढच्या वेळी कंपनी म्हणेल ती किंमत.

बाजार समितीत सोयाबीन घालणाऱ्या कुठल्याही शेतकऱ्याला हे समजावून सांगायची गरज नाही. किलो म्हणजे किती, हे कायद्यानं ठरलेलं आहे. पण तेवढ्यानं भागत नाही. समोरचा काटा तपासून त्यावर वैधमापन खात्याचा शिक्का आहे का, हे बघावं लागतं. कोबोलचे नियम कागदावर होते. काटा तपासणारं कुणीच नव्हतं.

सहा महिन्यांसाठी आलेली बाई

१९६६ संपताना हॉपर नौदलाच्या राखीव दलातून निवृत्त झाल्या. वयाची साठ वर्षं पूर्ण झाली होती. तो दिवस आयुष्यातला अतिशय दुःखाचा होता, असं त्या पुढे सांगत. पण सातच महिन्यांत, ऑगस्ट १९६७ मध्ये, नौदलानंच बोलावणं धाडलं. नौदलात कोबोलच्या नावाखाली गोंधळ माजला होता. तो निस्तरायचा होता. मुदत सहा महिने.

त्या आल्या आणि मुदत संपलीच नाही. १९७७ पर्यंत दहा वर्षं त्या नौदलाच्या प्रोग्रामिंग भाषांच्या विभागाच्या प्रमुख होत्या. त्यांच्या ऑफिसात एक घड्याळ होतं, उलट्या दिशेनं फिरणारं. वेळ अगदी बरोबर दाखवायचं. आजवर असंच चालत आलंय, असं कुणी म्हटलं की त्यांचं बोट त्या घड्याळाकडे जायचं.

आता मुख्य काम. कंपायलर तपासायचा कसा? त्याचं पोट फाडून आतली वायरिंग बघायची नाही. उलट कोबोलमध्येच शेकडो छोट्या चाचण्या लिहायच्या, स्टँडर्डमधला एकेक नियम धरून. या चाचण्या कंपायलरला द्यायच्या. नियमाप्रमाणे उत्तर काय यायला हवं, ते चाचणीला आधीच माहीत असतं. आलेलं उत्तर ती स्वतःच ताडून बघते आणि शेवटी कागदावर छापते, पास की फेल.

एक उदाहरण घेऊ. दोनला तीननं भागा आणि उत्तर दोन दशांश स्थळांपर्यंत ठेवा. कोबोलचा नियम आहे की ‘राउंडेड’ हा शब्द लिहिला असेल तर ०.६७, नसेल तर पुढचे आकडे सरळ कापायचे, म्हणजे ०.६६. समजा एखाद्या कंपायलरनं स्वतःच्या शहाणपणानं शब्द नसतानाही ०.६७ केलं. फरक किती, एका पैशाचा. पण दहा लाख खात्यांवर तोच प्रोग्राम चालला, तर एका रात्रीत दहा हजार रुपयांचा फरक पडला आणि प्रोग्रामरला कितीही शोधून आपली चूक सापडणार नाही, कारण चूक त्याची नाहीच. माझ्या बहिणीचा व्याजाचा प्रोग्राम आठवला ना?

या पद्धतीतली खरी गंमत म्हणजे इथे कुणाच्या नावाचा, वशिल्याचा, मोठेपणाचा प्रश्न येत नाही. मोठी कंपनी असो की छोटी, प्रश्नपत्रिका एकच आणि ती आधीच उघड. कंपनीनं घरी बसून आधी स्वतः सोडवून बघावी, चुका दुरुस्त कराव्यात, मग यावं. पेपर फुटला तरी चालतो, अशी ही बहुधा एकमेव परीक्षा असेल. कारण हेतू नापास करण्याचा नाही, सगळ्यांनी एकच भाषा बोलावी हा आहे.

१९६८ मध्ये कोबोलचं राष्ट्रीय स्टँडर्ड आलं. १९७२ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारनं ते स्वतःच्या खात्यांसाठी स्वीकारलं. १९७० च्या दशकातच नौदलात कोबोल कंपायलर तपासणारं एक खास केंद्र उभं राहिलं आणि सगळ्या सरकारसाठी त्याचा वापर सुरू झाला. सरकारला कंपायलर विकायचा, तर तो आधी या चाचण्यांतून काढा. हा दट्ट्या बसल्यावर कंपन्या सरळ झाल्या. १९७३ मध्ये हॉपर यांना कॅप्टनपद मिळालं. पुढे फोर्ट्रान, अ‍ॅडा या भाषांच्या कंपायलरांनाही अशाच परीक्षा द्याव्या लागल्या.

अर्थात, या परीक्षेची मर्यादाही आहे. सगळ्या चाचण्या पास झाला म्हणजे कंपायलर निर्दोष, असं होत नाही. जो प्रश्न पेपरात आलाच नाही, त्यात तो चुकू शकतो. कंपायलर वेगवान आहे का, वापरायला सोपा आहे का, हेही त्यातून कळत नाही. आणि स्टँडर्ड काही गोष्टी मुद्दाम मोकळ्या सोडतं. आपल्या टर्बोमध्ये ‘इंट’मध्ये मावणारा सगळ्यात मोठा आकडा ३२,७६७, तर नव्या कंपायलरांत तो दोनशे कोटींच्या वर जातो. हे दोन्हीही नियमात बसतं, कारण नियम फक्त किमान मर्यादा सांगतो. म्हणजे शिक्का बघायचाच, पण शिक्का नक्की कशाचा आहे हेही बघायचं.

शेवटपर्यंत ड्युटीवर

१९८३ मध्ये त्या कमोडोर झाल्या, १९८५ मध्ये त्याच पदाचं नाव बदलून रिअर अ‍ॅडमिरल झालं. १४ ऑगस्ट १९८६ ला, वयाच्या ७९ व्या वर्षी, बॉस्टनच्या बंदरात कॉन्स्टिट्यूशन या जुन्या जहाजावर त्यांचा निरोप समारंभ झाला. तेव्हा त्या सेवेतल्या सगळ्यात वयस्कर अधिकारी होत्या. ज्यांना दोनदा वय जास्त म्हणून नाकारलं, त्यांच्याबाबतीत हे घडलं. तरी त्या घरी बसल्या नाहीत. डिजिटल या कॉम्प्युटर कंपनीत सल्लागार झाल्या आणि भाषणं देत फिरत राहिल्या. भाषणाला आलेल्या पोरांना सुमारे ३० सेंटीमीटर लांबीचा वायरचा तुकडा वाटायच्या. वीज एका नॅनोसेकंदात जास्तीत जास्त इतकंच अंतर जाऊ शकते, हे डोळ्यांनी दिसावं म्हणून.

१ जानेवारी १९९२ ला त्या गेल्या. त्यांच्या नावाची युद्धनौका आज समुद्रावर आहे आणि २०१६ मध्ये त्यांना मरणोत्तर अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मानही मिळाला.

त्या चाचण्यांचं काय झालं? १९९० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी सरकारनं कंपायलर तपासून प्रमाणपत्र देणं थांबवलं. पण हॉपर यांच्या विभागात जे काम सुरू झालं, त्यातून वाढत गेलेला कोबोलचा चाचणीसंच आजही कुणालाही फुकट मिळतो. जीएनयू-कोबोल हा मुक्त कंपायलर बनवणारी मंडळी आजही त्यातल्या नऊ हजारांहून जास्त चाचण्या चालवून बघतात. १९९० च्या दशकाच्या शेवटी ‘वाय टू के’च्या कामासाठी पुण्या-मुंबईतल्या कितीतरी पोरापोरींनी जुन्या कोबोल प्रोग्रामांत बदल केले आणि पहिली नोकरी मिळवली. तीस-तीस वर्षांपूर्वी कुण्या भलत्याच मशीनसाठी लिहिलेले ते प्रोग्राम तोवर चालत होते, याचं थोडं श्रेय काटा तपासणाऱ्यांनाही जातं.

सुट्टी संपायच्या आत बहिणीनं तिचा प्रोग्राम पुन्हा लिहिला. जीसीसी कंपायलरमध्ये ‘पेडँटिक’ नावाचा एक पर्याय असतो. तो चालू केला की स्टँडर्डबाहेरच्या पुष्कळ गोष्टींवर कंपायलर बोट ठेवतो. तिनं तो चालू ठेवला, वैतागली, आणि एकेक इशारा वाचत सुधारत गेली. शेवटी तो प्रोग्राम लॅपटॉपवर चालला. मग ऑनलाइन आणखी दोन वेगळ्या कंपायलरांवर टाकून बघितला, तिथेही चालला. लॅबमधल्या जुन्या टर्बोवर मात्र आता तो चालत नाही.

जर्नलमध्ये कोणता लिहायचा, यावर घरी अजून वाद सुरू आहे.